मदत हवी आहे: बालवर्गात पेरलेलं रुजतच नाही, शनिवारी पालक येणार आहेत

रानजाई | सोमवार, रात्री ९:१०
वर्गात पावसाळ्याचा प्रकल्प चालू आहे. दोनदा पेरलं, दोनदा वाया गेलं. मोहरीला तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आली. मका तर वर आलाच नाही, उकरून बघितला तर दाणे मऊ पडलेत आणि आंबूस वास येतोय. शनिवारी पालक वर्ग बघायला येणार आहेत, दाखवायला काही नाही. मुलं रोज आल्या आल्या डब्याकडे पळतात.
दोनच प्रश्न: पाच दिवसांत हमखास रुजेल असं काय पेरू? आणि बुरशीवर काय मारू? नर्सरीतून तयार रोपं आणा असं कृपया सांगू नका.

कौलारू | सोमवार, रात्री ९:३४
मुलांचं वय काय? किती मुलं? कशात पेरलंय, त्याला खाली भोकं आहेत का? माती कुठली? पाणी कोण घालतं, किती? गाव कुठलं? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तांबडी_माती | सोमवार, रात्री ९:५०
मोहरी-मका दोन्ही सोडा, मेथी घ्या. घरातलीच मेथी चालते. रात्री भिजत घाला, सकाळी पाणी काढून टाका, ताटलीत ओल्या कापसावर एकावर एक न येतील अशी पसरा, वरून ओलं फडकं. दुसऱ्या दिवशी मोड, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवी पानं. पाच दिवसांत याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

चाफेकळी | सोमवार, रात्री १०:०५
तांबडी_माती, कापूस कुठला ते सांगायला हवं. वातीचा साधा कापूस पाणी धरत नाही, त्यावर नैसर्गिक मेण असतं. पाणी वरून ओघळून ताटलीत साचतं आणि बी एकतर कोरडं राहतं नाहीतर बुडतं. औषधाच्या दुकानातली शोषक कापसाची गुंडाळी घ्यायची. आणि कापसावर मुळं दिसत नाहीत, ती आत घुसतात. मुलांना बघायचं असतं तेच झाकलं जातं.

रानजाई | सोमवार, रात्री १०:२०
वय साडेतीन ते साडेचार. बाकी सगळं नेहमीसारखंच आहे. बुरशीचं औषध सांगा ना कुणीतरी.

कौलारू | सोमवार, रात्री १०:२६
औषध नाही. या वयाची मुलं दिवसाला दहा वेळा बोटं तोंडात घालतात, त्यांच्या हाताखालच्या मातीत बुरशीनाशक घालायचं नाही. आणि प्रत्येकाचं "नेहमीसारखं" वेगळं असतं, म्हणून विचारतोय.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:४१
पालकांना दाखवायला पेरणीपेक्षा वर्कशीट बरं पडतं. बी, अंकुर, रोप, झाड अशी चार चित्रं, रंगवा आणि क्रमांक द्या. प्रत्येक मुलाच्या फाइलला लागतं, पालक घरी नेतात. छत्री, बेडूक, ढग यांचेही तयार संच मिळतात, ३० पानांचा एक. हवे असतील तर सांगा.

करवंट | मंगळवार, सकाळी ६:५५
पाटीपेन्सिल, प्रश्न बियांचा आहे. आणि ज्या मुलाने अंकुर बघितलाच नाही, त्याने चार चित्रांना क्रमांक देऊन काय साधणार? साडेतीन वर्षांच्या मुलाला तीन चित्रांचा क्रम पुरे, तोही डोळ्यांनी बघून झाल्यावर, आणि कागदावर रंगवून नव्हे, हातात धरता येणाऱ्या पत्त्यांवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडलाही काम उभं राहिलं ते पानं, बिया, शंख, खडे असल्या आजूबाजूला मिळणाऱ्या साहित्यावर. वस्तू आधी, चित्र नंतर.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ८:०२
तेव्हा पालक फाइल मागत नव्हते. आज मागतात, आणि शिक्षिकेला उत्तर द्यावं लागतं.

करवंट | मंगळवार, सकाळी ८:१५
फाइलसाठी मुलाने पेरलेल्या बीचा रोजचा एक फोटो ठेवा. पाच दिवसांचे पाच फोटो वर्कशीटपेक्षा जास्त सांगतात.

रानजाई | मंगळवार, दुपारी १:३०
बरं, सगळं लिहिते. चिपळूणजवळ आहोत, इथे दहा दिवस सूर्य दिसलेला नाही. २४ मुलं. मोहरी ताटलीत कापसावर (औषधाच्या दुकानातलाच). मका आइस्क्रीमच्या दोन मोठ्या डब्यांत, अंगणातली तांबडी माती. भोकं नाहीत, कारण फरशी खराब होते. पाणी रोज मुलंच घालतात, भातुकलीच्या बोळक्याने, प्रत्येकी एक. पेरताना दाणा बोटाने आत ढकलायला सांगितलं होतं. मका कृषी सेवा केंद्रातून आणला, घरच्या मक्यापेक्षा चांगला रुजेल म्हणून. गुलाबी रंगाचे दाणे आहेत.

शेतबांध | मंगळवार, दुपारी १:४२
थांबा. गुलाबी दाणा म्हणजे बीजप्रक्रिया केलेलं बियाणं. त्यावर बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं. रंग मुद्दाम देतात, चुकून कुणी खाऊ नये म्हणून. पाकिटाच्या मागे तसं छापलेलंही असतं. ते मुलांच्या हातात द्यायचंच नाही. उरलेलं पाकीट आजच वर्गातून हलवा. कोंबड्या-पाखरांना घालू नका, एखाद्या शेतकऱ्याला पेरायला द्या. त्या डब्यांतली माती मुलांना पुन्हा खेळायला देऊ नका आणि डबे खाऊसाठी वापरू नका. मुलांनी पेरल्यावर हात साबणाने धुतले होते ना?

रानजाई | मंगळवार, दुपारी १:५०
धुतले होते, साबणानेच. एवढं माहीत नव्हतं. पाकीट काढून ठेवलं.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी २:१५
आता मोहरीचं. कापूसही शोषक होता, मग मला दाट शंका आहे की ती बुरशी नव्हतीच. मोहरीचं मूळ सेंटीमीटरभर झालं की त्याच्याभोवती मखमलीसारखी पांढरी लव येते. ते मूळरोम, पाणी शोषणारे बारीक केस. ओलसर हवेत इतके दाट येतात की बुरशीच वाटते. तपासायची पद्धत सोपी: फवाऱ्याने एकदा पाणी मारा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली आणि पाऊण-एक तासात परत आली तर ते मूळरोम. बुरशी पाण्याने जात नाही, एका बीवरून दुसऱ्या बीवर जाळं पसरवते, करडी-काळी होत जाते आणि वास मारते. अजून एक खूण: लव फक्त मुळावर असते, टरफलावर नसते. बुरशी आधी टरफलावर आणि फुटक्या दाण्यावर धरते.
दुसऱ्यांदा पेरलेली ताटली फेकली का अजून आहे?

रानजाई | मंगळवार, दुपारी २:२०
आहे! मागच्या ओट्यावर ठेवलीय. उद्या बघते.

कौलारू | मंगळवार, दुपारी ३:०५
आता मक्याचं गणित बघा. भातुकलीचं बोळकं म्हणजे साधारण ५० मिली. २४ मुलं गुणिले ५० म्हणजे रोज १२०० मिली, दोन डब्यांत सव्वा लिटर. बाहेर जायला वाट नाही, ऊन नाही, हवा दमट. चौथ्या दिवशी आत माती उरत नाही, चिखल होतो. बीला रुजताना पाण्याइतकीच हवाही लागते. चिखलात ती मिळत नाही म्हणून दाणा गुदमरतो आणि कुजतो. त्यात मुलाने बोटभर खोल ढकलला. दाणा त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पटच खोल जायला हवा.
पाणी घालणं मुलांकडून काढून घेऊ नका, त्यांना त्यातच सगळा रस असतो. भांडं बदला. प्रत्येकाला पेरायला वेगळा ग्लास आणि चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, आणि पाणी फक्त स्वतःच्या ग्लासात. आधी बोट लावून बघायचं: बोटाला ओल लागली तर आज पाणी नाही. हा "ओलं की कोरडं" निर्णय मुलाने घेणं हेच त्या दिवसाचं शिकणं.
मातीत करायचंच असेल तर तापवलेल्या खिळ्याने मोठ्यांनी प्रत्येक डब्याला ४-५ भोकं पाडावीत, खाली ताट. फरशी वाचते. कोकणातली तांबडी माती एकटी घट्ट बसते, दोन भाग मातीला एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा आणि थोडं जुनं शेणखत घाला.

तांबडी_माती | मंगळवार, दुपारी ३:२०
शनिवारपर्यंत हे सगळं कधी होणार? मेथी.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी ३:४८
मेथी मागच्या ओळीला ठेवा, एका ताटात, सगळ्यांची मिळून. मुलांच्या हातात चवळी द्या. दाणा मोठा, बोटांत धरता येतो, दोन-तीन दिवसांत मूळ फुटतं.
आज रात्री चवळी भिजत घाला, ७-८ तासांच्या वर नको, जास्त भिजली तर पाण्यातच कुजायला लागते. तरंगणारे आणि फुटके दाणे काढून टाका. उद्या सकाळी पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घ्या, काच नको. आत कडेने पेपर नॅपकिनची दुहेरी पट्टी उभी लावा, मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद कोंबा, म्हणजे पट्टी ग्लासाला घट्ट टेकते. पट्टी आणि ग्लास यांच्या मध्ये अर्ध्या उंचीवर दोन दाणे सरकवा. तळाशी एक सेंटीमीटर पाणी. दाण्याला पाणी टेकलं नाही पाहिजे, कागद ते वर ओढून घेतो. मूळ ग्लासाच्या भिंतीला लागूनच खाली येतं, मुलाला उकरावंच लागत नाही.
ग्लासावर नाव लिहून उपयोग नाही, वाचता येत नाही. प्रत्येकाची एक चित्रखूण करा: छत्री, बेडूक, मासा, पान.

मीनाक्षी_पुष्प | मंगळवार, संध्याकाळी ५:१०
राजमा घ्या ना, अजून मोठा दाणा, दिसायलाही छान.

शेतबांध | मंगळवार, संध्याकाळी ५:२२
राजमा नको. कच्च्या राजम्यात असा घटक असतो की चार-पाच दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होतात. एरंड आणि गुंज तर वर्गात आणूच नका, दोन्ही विषारी. गुंज लाल-काळी, आकर्षक म्हणून मुलं हमखास तोंडात घालतात. आणि कुठलंही बी असो, मोजून द्या, मोजून ग्लासात गेलेलं बघा. ४८ दिले तर ४८ लागले पाहिजेत. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि मग घरी निघत नाही, डॉक्टरच लागतो.

अंगणवेल | मंगळवार, रात्री ९:००
थोडं अवांतर. गणपतीसाठी मुलांना शाडू द्यायचाय. मागच्या वेळी सगळ्या मूर्तींना तडे गेले. काय चुकतं?

करवंट | मंगळवार, रात्री ९:२५
जाडी. वरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतलं ओलंच, म्हणून तडा. मुलांच्या मूर्ती मुठीएवढ्याच ठेवा, पोटाकडून बोटाने पोकळ करा. शाडूत भिजवून कुटलेला कागदाचा लगदा मळा, त्यातले धागे माती धरून ठेवतात. हात-सोंड नुसती चिकटवू नका. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून पातळ शाडूचं पाणी लावायचं, मग जोडायचं. वाळवताना पहिले दोन दिवस वर सैल ओलसर फडकं, थेट पंख्याखाली नको. चिपळूणच्या हवेत आठवडा धरा. वेगळा धागा काढलात तर बरं होईल, इथे बिया राहू देत.

गोधडी | मंगळवार, रात्री १०:१२
मुलांना पाणी घालायलाच खूप आवडत असेल तर पसरट टब द्या, ८-१० सेंटीमीटर पाणी, करवंटी, बूच, बटाटा, पान, गोटी. तरंगतं की बुडतं बघू दे. बटाटा बुडतो आणि त्याहून मोठा टोमॅटो तरंगतो हे बघून मुलं थांबतात. मात्र एक मोठं माणूस सतत टबाशी हवं, एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा करून पालथा घाला, साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात. ग्लासांच्या तळाचं पाणीही दोन दिवसांनी बदला.

रानजाई | बुधवार, सकाळी ११:०५
मोहरीवर फवारा मारला. लव गायब! तासाने परत आली. म्हणजे पहिल्या वेळी मी जिवंत मोहरी फेकली. मुलांना भिंगातून दाखवली, "मुळाला केस आलेत" म्हणत प्रत्येकजण दोनदा रांगेत आला. चवळीचे ग्लास लावले, ४८ मोजून.
आता नवा प्रश्न: तिघं-चौघं ग्लासातून दाणा ओढून काढतात. ओरडायचं नाहीये मला.

करवंट | बुधवार, सकाळी ११:३०
ओढून बघायची इच्छा बरोबरच आहे, तिला दुसरी जागा द्या. एक "उकरायचा डबा" ठेवा: भोकं पाडलेला, घरची साधी चवळी दहा-बारा दाणे, हवं तेव्हा काढा, बघा, परत पुरा. त्यातली मेली तरी चालतात. आणि आजपासून रोज सकाळी एक जादा ग्लास तुम्ही लावा, शनिवारपर्यंत. शनिवारी चार ग्लास ओळीत येतील: आजचा, उद्याचा, शुक्रवारचा, शनिवारचा. मुलं आपापला ग्लास त्या ओळीशी लावून बघतील. पालकांना सगळं यातच दिसतं, तक्ता लिहावा लागत नाही.

चाफेकळी | बुधवार, दुपारी १२:१०
मूळ फुटेपर्यंत उजेड लागत नाही, पण पानं दिसली की खिडकीशी ठेवा, नाहीतर लांब, पिवळट, लुळी वाढतील. एक ग्लास मुद्दाम फिरवू नका. खिडकीकडे वाकलेलं रोप मुलांना स्वतःहून दिसतं.

रानजाई | शुक्रवार, दुपारी १:१५
१८ ग्लासांत मूळ दिसतंय, काहींत दोन सेंटीमीटर. मोहरीला हिरवी पानं. सहा ग्लासांत काहीच नाही. बेडूक खुणेचा मुलगा सकाळपासून त्याच्या ग्लासासमोर बसून आहे. जादा ग्लासातला दाणा गुपचूप बदलू का?

कौलारू | शुक्रवार, दुपारी १:२८
गुपचूप नको, तो तिथेच बसलाय, त्याला कळेल. त्याच्यासमोर बुधवारचा जादा ग्लास घ्या, त्यातला मूळ फुटलेला एक दाणा त्यालाच अलगद उचलू द्या. मुळाला नको, दाण्याला धरायचं. त्याच्या ग्लासात जुन्या दाण्यांशेजारी लावा. जुने काढू नका. चवळीचा एखादा दाणा पाचव्या दिवशीही फुटतो, त्याला रोज बघायला दोन्ही असू देत. बाकी पाच मुलांनाही तसंच, जादा ग्लासातले पुरले नाहीत तर उकरायच्या डब्यातले मूळ फुटलेले घ्या.

रानजाई | शुक्रवार, दुपारी २:४०
केलं. मूळ खाली का वर करायचं हे त्यानेच मला विचारलं.