थंडीत गोठ्यातील जनावरांची काळजी

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी) : आमच्याकडे दोन देवणी गाई व एक नुकतेच जन्मलेले वासरू आहे. पारा १० अंशांखाली उतरल्यापासून दूध घटले असून वासरू पहाटे थरथरते. गोठा चहूबाजूंनी बंद करून आत शेकोटी पेटवावी काय?

उत्तर १ (उदगीर) : बंद गोठ्यात शेकोटी मुळीच नको. धूर आणि मूत्रातून निघणारा अमोनिया आत कोंडला, की थंडीपेक्षा त्याचाच त्रास अधिक होऊन वासरांना फुफ्फुसदाह जडतो. वाऱ्याच्या बाजूस बारदानाचे पडदे सोडावेत, वरची फट मात्र उघडी ठेवावी आणि दुपारी पडदे गुंडाळून ऊन आत येऊ द्यावे. वासराखाली सोयाबीनचे कोरडे भुसकट जाड अंथरावे; त्यावर गुडघा टेकून पाहावा, ओल लागली तर ते तत्काळ बदलावे.

उत्तर २ (माजलगाव) : वरील सल्ल्याशी सहमत आहे. संध्याकाळी कडब्याचे प्रमाण वाढवावे, कारण कोरडी वैरण पोटात आंबताना जी उष्णता निर्माण होते ती रात्रभर पुरते. दूध घटण्यामागे बहुधा पाणी असते: हौदातील गार पाणी गाय जेमतेम तोंड लावून सोडते, तर बोअरचे ताजे पाणी पहाटेही कोमट असल्याने पोटभर पिते. वीज रात्रीचीच मिळत असेल, तर हौद निदान झाकून ठेवावा. वासरू दूध पिईनासे झाले किंवा धापा टाकू लागले, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.