विषय: पुण्याच्या घरासमोरचा कोबा, वरून थर द्यावा की उखडावा?

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाच्या मेलांच्या गर्दीत आपल्या मेलिंग लिस्टवर ही एक घरगुती मेल टाकते आहे. पुण्याला सहकारनगरात आमचं जुनं बैठं घर आहे आणि आई तिथे एकटी असते. फाटकापासून पोर्चपर्यंत ९ मीटर लांब, ३ मीटर रुंद कोबा आहे, बाबांनी घर बांधलं तेव्हाचा. आता त्याचे पोपडे निघतात, खडी उघडी पडली आहे, फाटकाच्या बाजूला आडवी भेग गेली आहे आणि पोर्चच्या पायरीपाशी पाणी साचतं. या जुलैत तिथल्याच शेवाळावरून आईचा पाय घसरला. मनगटावर निभावलं, पण पाच आठवडे तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती.

एक ठेकेदार पाहून गेला. म्हणाला, "आजी, उखडायचं काही कारण नाही, वरून अर्धा इंच माल टाकून घोटून देतो, दोन दिवसांचं काम." दुसरा म्हणतो सगळं उखडा. दोघांच्या आकड्यांत चौपट फरक आहे. मी डिसेंबरात तीन आठवडे जाते आहे, तेवढ्यात काम उरकायचं आहे. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मृ., न्यू जर्सी

*

प्रिय मृ.,

अनेक आशीर्वाद. आईंचा हात आता बरा असेल अशी आशा करतो. मी कोथरूडला परतून सहा वर्षं झाली, पण लिस्टवरून नाव काढलेलं नाही. बांधकाम हाच माझा जन्माचा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या ठेकेदाराला आधी नाही म्हणून टाक. साध्या सिमेंट-वाळूचा अर्धा इंच थर जुन्या कोब्यावर टिकत नाही. पातळ थरातलं पाणी पुण्याच्या कोरड्या हवेत आणि खालच्या जुन्या काँक्रीटमध्ये भराभर ओढलं जातं, तो आकसतो, कडेने सुटतो आणि पुढच्या पावसात पापडासारखा हातात येतो. साध्या काँक्रीटचा थर द्यायचाच तर निदान ४० मिलिमीटर हवा. त्याहून पातळ हवा असेल तर मालात एसबीआर लॅटेक्स (चिकटपणा वाढवणारं दुधासारखं पातळ पॉलिमर) घालावं लागतं, आणि तेही फक्त खालचा कोबा घट्ट असेल तरच.

म्हणून औषध नंतर ठरवू, आधी कोबा कशाने गेला ते पाहू. पोपडे बहुतेक वेळा घोटताना केलेल्या चुकीचे असतात. वर आलेलं पाणी शोषायला गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि वर थापी मारतात. दिसायला गुळगुळीत, पण ती साय असते, खालच्या अंगाशी तिचा संबंध नसतो. हा दोष वरवरचा. भेगेचं मात्र तसं नाही. तुमच्याकडे खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर हलत राहतो. मुरमाची भर नीट दाबलेली नसली की तो बसतो. अशा हलत्या भेगेवर तू सोन्याचा थर दे, वर्षभरात तीच भेग त्याच जागी वर येईल.

आता एक काम कर. आईंना किंवा शेजारच्या कुणाला हातोडी घेऊन फाटकापासून पोर्चपर्यंत दर हातभर अंतरावर हलकेच ठोकत यायला सांग आणि ते फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. घट्ट काँक्रीट टण्ण वाजतं, सुटलेलं भद्द. भेगेवर पाच रुपयांचं नाणं आडवं ठेवून फोटोही काढ. भेगेची एक कड दुसरीपेक्षा वर आहे का, ते मला बघायचं आहे.

आणि हो, अंगणात पाण्याचा टँकर येतो का?

वि. काका

*

काका, मृ.,

मध्येच बोलते. आमच्याकडे मिशिगनला आम्ही दोघांनीच एका शनिवार-रविवारी गोणीतलं तयार मिश्रण कालवून ड्राइव्हवेवर पसरलं. जेमतेम पाव इंच असेल. चार हिवाळे झाले, एक टवका उडालेला नाही. मग पुण्यात का नको?

सु.

*

सु.,

तुझं काम टिकलं ते बरोबर झालं म्हणूनच. त्या गोणीत पॉलिमर असतं, म्हणून तो थर पाव इंचातही धरतो. शिवाय तुमच्याकडे कोबा वरून सोलतो तो बर्फाने. वरच्या अंगात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं, आणि रस्त्यावरचं मीठ त्यात भर घालतं. खालचं शरीर धडधाकट असतं, फक्त कातडी गेलेली असते. पुण्यात पाणी गोठत नाही. इथे कोबा फुटतो तो बहुधा खालून, माती आणि भरावाने, किंवा वजनाने. कातडीचं दुखणं आणि हाडाचं दुखणं यांना एकच मलम चालत नाही, एवढंच माझं म्हणणं. मृ.च्या घरी यातलं काय आहे ते हातोडी सांगेल.

वि. काका

*

काका,

आईने स्वतःच ठोकलं, कुणाला बोलवायला तयार नव्हती. सोबत आवाज जोडला आहे. फाटकाकडचा साधारण ३ मीटरचा भाग मलासुद्धा भद्द ऐकू येतो. नाण्याची एक कड अधांतरी राहिली, म्हणजे भेगेपलीकडचा भाग खाली बसला आहे. पुढे पोर्चपर्यंत टण्ण आहे, पण मध्ये एका ठिकाणी काहीतरी वेगळंच वाजतंय. तो भागही गेला का?

टँकर उन्हाळ्यात आठवड्याला येतो. मागची चाकं फाटकाच्या आत घेतो, कारण त्याचा पाइप पुरत नाही.

मृ.

*

मृ.,

तीनदा ऐकलं. आईंनी ठोकलंय मात्र झकास, एका लयीत.

मधला आवाज भद्द नाही, घुमणारा आहे. तिथे खाली हौद आहे का? असणारच, त्या काळच्या घरांत अंगणातच असायचा. म्हणजे तो भाग गेलेला नाही, ती हौदाची स्लॅब आहे. पण तिच्यामुळे ४० मिलिमीटर साध्या काँक्रीटचा थर द्यायचा माझा बेत बदलला. दर चौरस मीटरला ४० मिलिमीटर काँक्रीट म्हणजे जवळजवळ १०० किलो. जुन्या हौदाच्या डोक्यावर ते ओझं मी ठेवणार नाही. शिवाय तेवढा थर दिला की पोर्चची पहिली पायरी दीड इंचाने बुटकी होते. बाकीच्या पायऱ्या एका उंचीच्या आणि एकच वेगळी, यावर म्हातारं माणूस हमखास अडखळतं. फाटकही घासायला लागेल.

फाटकाकडचे ३ मीटर टँकरने मारले आहेत. १०,००० लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच १० टन, आणि त्याचा बराचसा भार मागच्या चाकांवर. तेवढा भाग उखडायचा. काळी माती लागली तर ती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थराथराने दाबायचा, वर दगडी सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, आणि १५० मिलिमीटरचं काँक्रीट. हे १.३५ घनमीटर होतं, म्हणजे १ : १.५ : ३ च्या (सिमेंट : वाळू : खडी) मालाला अकरा गोण्या सिमेंट. एका ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नाही, आणि ते बादलीने मोजून. गवंडी पाइप धरून "बस, एवढंच" म्हणेल, तिथे उभी राहा. राडारोडा कुठे टाकणार तेही आधी विचार. नदीपात्रात किंवा ओढ्यात ट्रॅक्टर रिकामा करणारा माणूस आपल्याला नको.

बाकीचे ६ मीटर राखायचे. वरची साय टाचे मारून खडी लागेपर्यंत काढायची, धूळ धुवायची, तेलाचे डाग असतील तर तिथे जास्त खोल टाचायचं, आणि लॅटेक्सच्या मालाचा १०-१२ मिलिमीटरचा थर द्यायचा. पायरीपाशी खोलगट भाग भरून बाजूच्या वाफ्याकडे ढाळ काढायचा, मीटरला दीड-दोन सेंटिमीटर. थर देण्याआधी कोबा पाणी पिऊन ओला हवा, पण वर डबकं नको.

नवा आणि जुना भाग एकमेकांना चिकटवायचे नाहीत. मध्ये फट ठेवून पीयू सीलंट (रबरासारखं ताणलं जाणारं पॉलियुरेथेन) भरायचं. ते दोघे वेगवेगळे हलणार, त्यांना हलू द्यावं.

मी स्वतः येईन. सहकारनगर लांब नाही.

वि. काका

*

मंडळी,

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. काम झालं. मी आजच न्यू जर्सीला परत पोचले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. जुन्या भागावर थर देण्याआधी सिमेंट आणि लॅटेक्सची स्लरी ब्रशने लावतात. आमच्या गवंड्याने सगळ्या ६ मीटरवर ती एकदम फासली आणि चहाला गेला. काकांनी वाकून बोट लावलं. बोट कोरडंच वर आलं. ते एवढंच म्हणाले, "ही आता गोंद नाही, कागद झाली." वाळलेल्या स्लरीवर माल टाकला तर ती धरण्याऐवजी दोन थर वेगळे ठेवते, हे मला तिथे कळलं. सगळी खरवडायला लावली. मग हातभर पट्ट्यात स्लरी, ती चिकट असेपर्यंत लगेच त्यावर माल, मग पुढचा पट्टा. अर्धा दिवस वाया गेला, गवंडी थोडा वेळ गप्प होता, पण शेवटच्या पट्ट्याला तो स्वतःच बोट लावून बघत होता.

घोटून गुळगुळीत करू दिलं नाही. लाकडी रंध्याने सारखं केलं आणि नवा खराटा ओला करून, झटकून, चालण्याच्या दिशेला आडवा एकदाच ओढला. बारीक रेघा उठल्या आहेत. आईने चप्पल काढून अनवाणी पाय घासून पाहिला आणि मान हलवली.

पाणी मारण्याचा हिशोब दोन्हीकडे वेगळा आहे, तोही लिहून ठेवते. लॅटेक्सचा थर दोन दिवस ओला ठेवला आणि मग मुद्दाम वाळू दिला. फाटकाकडच्या काँक्रीटला मात्र मालाची आळी बांधून पाणी भरलं. आपल्याकडे मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, आणि आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक त्याला निदान १० दिवस सांगतं, जमल्यास १४. आम्ही १४ केले. मी झोपलेली असताना आई पहाटे उठून गोणपाट भिजवत होती, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं.

काकांनी कारला दहा दिवस आणि टँकरला २८ दिवस बंदी घातली आहे. आईने कालनिर्णयवर खूण केली आहे. काल हौद भरायला टँकर बोलवावा लागला. ड्रायव्हर नेहमीसारखा मागे घ्यायला लागला, तर आई फाटकात उभी राहिली आणि त्याला सांगितलं, अजून नऊ दिवस आहेत, आज रस्त्यावरूनच पाइप जोडा. जोड-पाइप तिने आदल्या दिवशीच आणून ठेवला होता.

मृ.