२००८ची टोयोटा प्रियस (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी), २,१०,००० मैल: हायब्रिड बॅटरी बदलू का?

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. उन्हाळा लागला की मागच्या सीटजवळचा पंखा घोंघावतो, पडद्यावर बॅटरीचे पट्टे भराभर खालीवर होतात. गॅरेजवाला म्हणतो, अख्खी बॅटरी बदला. गाडी बाकी ठणठणीत आहे, भंगारात काढायला जीव होत नाही.

उत्तर १: घाई नको, दादा. मागच्या सीटशेजारी उजवीकडे जाळी आहे ना, बॅटरी तिथूनच थंड हवा ओढते. मागे कुत्रा बसतो का? पंख्याच्या पात्यांवर केसांचा थर बसतो. आमच्या गाडीतून निघालेल्या केसांत आणखी एक पिल्लू झालं असतं! आधी ते साफ करा.

उत्तर २: पट्टे असे नाचतायत म्हणजे नुसत्या सफाईने भागेल असं वाटत नाही. आत ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूलं, म्हणजे जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या, असतात. एखादंच बदलून देणारे भेटतात, पण उरलेली २७ तेवढीच म्हातारी! मी तरी त्या फंदात पडणार नाही. आणि घरी उघडू नका. २०० व्होल्ट आहेत, नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

प्रश्नकर्ता: कुत्रा नाही, पोरं आहेत. जाळीत चिवड्याचे पोहे निघाले. पंखा गप्प झाला, पट्टे मात्र तसेच. नव्या बॅटरीचे दर काढतोय.