अनुभव धागा: सगळ्यात आवडतं एकच सांगा. जमतं का?

लग्नाच्या बायोडाटापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत 'आवडतं पुस्तक कोणतं' हे विचारतातच, आणि आपण पाठ केलेलं उत्तर ठोकून देतो. पण खरं उत्तर एकच असतं का? पुस्तक, नाटक, भजन, गाणं, काहीही चालेल. वऱ्हाडापासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपर्यंत सगळ्यांनी लिहा. फक्त 'सगळंच आवडते' म्हणून सुटायचं नाही.

वडसेकर
आमच्याकडं हा प्रश्नच बसत नाही जी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की नाटकांचा हंगाम लागते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. संध्याकाळीच घरोघरचे लोक बोऱ्या टाकून जागा धरतात, आणि उठतात ते पहाटे. एकच नाटक मी दोन गावांत पाहिलं. एका गावात खलनायक असा रंगला, की बायका बसल्या जागेवरून त्याला शिव्या देत होत्या. दुसऱ्या गावात तोच नट, तेच संवाद, पण ऑर्गनवाला मागे पडे आणि मागची पोरं चहाच्या दुकानाकडं सरकत. आता आवडतं काय म्हणू? नाटक, का ती एक रात्र? लेखकाचं नाव तर आमच्या गावात कोणी विचारतच नाही, 'काम कोणाचं आहे' हेच विचारतात. आमच्या झाडीपट्टी नाटकांतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा जो तो त्यांच्या वेगळ्याच भूमिकेचं सांगत होता.

वणीवाला
उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० ची. कॉलेजात वाचली तेव्हा कौतिकसाठी जीव तुटला, तिच्या नवऱ्याचा, महादेवाचा संताप आला. संसार पडल्यावर पुन्हा हाती घेतली तर महादेवाचीच कीव येऊन राहिली. पुस्तक एक, पण मी दोनदा वाचलेली ती एकच कादंबरी होती असं मला वाटत नाही.

तिवस्याची लेक
माझ्या आईचं एकच आहे, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. एक्केचाळीसही अध्याय झाले की पुन्हा पहिल्यापासून. पानांना हळदीची बोटं लागलेली, पुठ्ठा दोऱ्यानं शिवलेला. तिला विचारलं, "तुले हेच सगळ्यात आवडते का वं?" तर म्हणे, "आवडाले ते काय वांग्याची भाजी हाय?" तिचं मत या धाग्यात कुठं धरायचं ते तुम्हीच ठरवा. माझं म्हणाल तर महिन्याला बदलते.

भंडाऱ्याकडची
धानाच्या रोवण्याची गाणी. कोणी तरी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली, ऐकली, काहीच वाटलं नाही. पाय चिखलात, कंबर वाकलेली आणि शेजारणीनं पुढची ओळ उचलली, तरच ते गाणं. त्यातही कोणतं एक? धानाची जी बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, चालू आहे तिथलं.

अमरावतीकर
सगळे पळवाटा काढून राहिले. माझं एकच आहे आणि ठाम आहे, सुरेश भटांचा 'एल्गार', १९८३. बाकी जे वाचतो ते त्याच्यावरच तोलतो. ज्याला एकच सांगता येत नाही, त्यानं मन लावून वाचलंच नाही असं मी समजतो.

वणीवाला
ठीक आहे भाऊ. मग 'एल्गार'मधली एकच गझल सांगा.

अमरावतीकर
थांबा, पुस्तक काढून सांगतो.

वडसेकर
काढा जी. आमच्या बोऱ्या टाकलेल्याच आहेत.