काकांचा याशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा घरी दुरुस्त होईल का? लेन्सला बुरशी, दिवा लागत नाही

डिचोलीची_पोर
नमस्कार मंडळी. माझे काका बोटीवर होते, त्यांनी सत्तरच्या दशकात कधीतरी याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणला. आमच्या घरातली लग्नं, मुंजी, चवथीची माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट), सगळे फोटो त्याच्यावरचेच. काका गेल्या वर्षी गेले आणि काकूने कपाट आवरताना कॅमेरा माझ्या हातात दिला. इतकी वर्षं चामड्याच्या कव्हरातच होता, आणि आमचं घर कौलारू, पावसाचे चार महिने कपाटातल्या साड्यांनासुद्धा वास येतो, मग कॅमेऱ्याचं काय होणार.

लेन्सच्या आत, पुढच्या काचेच्या मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल कागद गुंडाळून बसवला पण बॅटरी चेकचं बटण दाबलं तरी हिरवा दिवा लागत नाही, सेलच्या खोबणीत तळाला हिरवट-पांढरं काहीतरी साचलंय. खिडकीतून बघताना दिसणारा, दोन चित्रं जुळवून फोकस करायचा पिवळा ठिपका इतका पुसट की उन्हात दिसतच नाही. मागचं झाकण उघडलं की बोटांना काळं डांबर लागतं.

पणजीत एका दुकानात दाखवला तर म्हणाले शोकेसमध्ये ठेवा. मला शोकेसमध्ये नाही ठेवायचा, येत्या चवथीला माटोळी ह्याच्यावरच काढायची आहे. घरी कितपत जमेल?

रोलवाला_फोंडा
ताई जमेल, फक्त सगळं एकदम उघडू नकोस. आधी बॅटरी. ह्या कॅमेऱ्याला मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही, तुझा ६ व्होल्टचा चालतो, मी वर्षानुवर्षं तोच वापरतोय. पण तो आखूड आणि बारीक असतो, त्यामुळे मागे टॉर्चमधली स्प्रिंग लाव आणि ती दोन्हीकडे नीट टेकते का बघ.

खोबणीतलं ते हिरवट म्हणजे जुना सेल फुटून गळलेला क्षार. कानातल्या काडीला साधं पांढरं व्हिनेगर लावून हळूहळू पूस, काडी ओलसर हवी, ठिबकणारी नको. घरातलं माडाचं विनागर घेऊ नकोस, त्यात गाळ आणि रंग असतो. मग दुसऱ्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल. एवढं करूनही दिवा नाही लागला तर खोबणीच्या मागची वायर आतून सडलेली असणार, माझ्याकडे आलेल्या दोन इलेक्ट्रोंत तेच निघालं. मल्टिमीटरने तपास, सोल्डरिंगचा एक डाग दिला की काम होतं.

आणि एक, फिल्म न घालता फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढ आणि कान लावून ऐक. शेवटाकडे आतून "ठक्क" असा जाड आवाज यायला हवा. नाही आला तर आतला रबराचा छोटा तुकडा विरघळून गेला, हे ह्या मॉडेलचं जुनं दुखणं आहे. मग शटरचा वेळ चुकतो आणि ते बदलायला बॉडी बरीच उघडावी लागते, ते पहिल्याच कॅमेऱ्यावर शिकू नये असं माझं स्पष्ट मत.

तोवर एक गंमत, सेल नसताना हा कॅमेरा सरळ १/५०० सेकंदावर शटर मारतो. ४०० एएसएची (म्हणजे वेगवान) फिल्म, लेन्सचं छिद्र एफ १६, भर दुपारचं ऊन, फोटो येतो. खात्री करायला एक रोल तसाच काढ.

मांडवीकाठ
बुरशीचं मी सांगतो कारण माझ्या तीन लेन्स गेल्यात त्यात. पहिलं काम, ते चामड्याचं कव्हर कॅमेऱ्यापासून लांब ठेव, आठवण म्हणून ठेव पण वेगळ्या पिशवीत. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच परत येते.

लेन्सवरची नावाची रिंग रबरी बुचाने दाबून फिरवली की निघते, चिमटा घालू नकोस, हमखास ओरखडा. पुढची काच बाहेर आली तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन मधून कडेला गोल पुसायचं, मग डिस्टिल्ड पाणी, मग मऊ कापड. बुरशी जाईल, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर धाग्यांचे ठसे राहतात. ते राहू दे, फोटोत बहुतेक वेळा दिसत नाहीत, फक्त सूर्य समोर घेऊ नकोस.

शटरच्या पात्यांना कोणी सांगितलं तरी शिलाई मशीनचं तेल घालू नकोस. खोबरेल तर नाहीच. ती पाती कोरडी चालतात, तेलाने चिकटतात.

पिवळ्या ठिपक्यासाठी वरची प्लेट काढावी लागेल. रिवाइंडचा क्रँक काढताना झाकण उघडून आतल्या काट्यात पेन्सिल अडकव, मग उलटा फिरव. आत तिरकी छोटी काच दिसेल, तिच्यावर अर्धा आरसा आहे, इतका पातळ की कापसाने पुसलास तर पुसूनच जाईल. तिला फक्त फुंकणीची हवा. बाकीच्या खिडक्यांच्या काचा आतून पुसल्या तरी अर्धं काम होतं. स्क्रू जपानी मापाचे असतात, साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने डोकी झिजतात.

लोकर_आणि_कात्री
काळं डांबर म्हणजे सडलेला फोम. दातकोरणीने खरवडून अल्कोहोलने पुसायचं, शटरकडे एक कण जाता कामा नये म्हणून कॅमेरा उलटा धरून. नवीन फोम शोधत बसू नका, काळ्या लोकरीचा धागा खाचेत दाबून बसवा. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक गुंडी आणली होती, पाच कॅमेरे झाले तरी संपली नाही.

डिचोलीची_पोर
सगळ्यांचे खूप आभार. ठक्क आवाज येतोय!! रात्री सगळे झोपल्यावर कान लावून ऐकला. व्हिनेगरने खोबणी साफ झाली पण दिवा नाहीच, मग रोलवाला म्हणाले तसं वायर तपासली तर लाल वायर हात लावताच तुटली, आत तांब्याऐवजी हिरवी पूड. आमच्याकडच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांनी डाग दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाले तुझ्या काकांनी माझ्या लग्नाचे फोटो काढले होते. हिरवा दिवा लागला. आईला बोलावून दाखवला.

पुढची काच पुसली, दोन बारीक ठसे राहिलेत. ठिपका आता दिसतो. पण फोकस बरोबर आहे की नाही हे फिल्म न घालवता कसं कळणार?

मांडवीकाठ
मागचं झाकण उघड, फिल्म जिथून जाते त्या दोन पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लाव. शटर बी वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहतं), छिद्र एफ १.७ म्हणजे पूर्ण उघडं, बटण केबल रिलीजने (बटणात बसवायच्या तारेने) दाबून धर. पट्टीवर उलटं चित्र उमटतं, ते भिंगाने बघ. दोनापावलाच्या जेटीवर जा आणि पलीकडे मुरगाव बंदराच्या क्रेनवर धर. लेन्स इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या फोकसला) असताना क्रेन पट्टीवर धारदार दिसली आणि ठिपक्यातली क्रेनही बाहेरच्या क्रेनवर बरोबर बसली तर काहीही हलवू नकोस. सकाळी लवकर जा, दुपारी पाण्यावर धुरकट होतं.

आणि आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, पण महिन्यातून एकदा बाहेर काढून पाच-दहा वेळा शटर मार.

डिचोलीची_पोर
रविवारी जाते. काकू पण येते म्हणाली, तिला क्रेन बघायची आहे त्या ठिपक्यातून.