'होस्ट फॅमिली'ला मराठीत काय म्हणायचं?

वारजेकर
नेपाळमध्ये काभ्रे जिल्ह्यात, धुलीखेलजवळच्या एका गावात दहा महिने शाळेत शिकवून नुकतीच परत आले. गणित आणि इंग्रजी. पगार नाही, राहणं-जेवण गावातल्याच एका घरी. आता पुण्याहून पुढची तुकडी निघालीय. त्यांच्यासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचंय. सकाळी नऊला डाळभात, दहाला शाळा, सुटी शनिवारी, रविवारी नाही, हे सगळं भराभर लिहून झालं. 'होस्ट फॅमिली'पाशी मात्र तीन दिवस अडकलेय.

आधी 'यजमान कुटुंब' लिहिलं. आत्या म्हणाली, हे चालायचं नाही. तिच्या तोंडी 'आमचे यजमान' म्हणजे आमचे काका, नाहीतर सत्यनारायणाला गुरुजींसमोर पाटावर बसलेला गृहस्थ. तिथून एकदा फोनवर मी 'माझे यजमान मका सोलतायत' म्हणाले, तेव्हा ती एकदम गप्प का झाली ते आत्ता कळलं.

'आश्रयदाते' म्हटलं की मी निर्वासित वाटते. 'पालक' म्हणजे शाळेतल्या मुलांचे. 'घरमालक' म्हणवत नाही, मी भाडेकरू नव्हते. मी त्यांना आमा आणि बा म्हणायचे. पण पत्रकात काय लिहू?

कोशवेडी
'यजमान'च लिहा. यज् धातूवरून आलाय, स्वतःसाठी यज्ञ करवणारा. यज्ञाला आलेल्या माणसांचं खाणंपिणं, उतरायची सोय त्यानेच बघायची, म्हणून पाहुण्यांचं करणारा तो यजमान. घरातला कर्ता म्हणून नवरा. आत्यांचा अर्थ खरा आहे, पण तेवढाच एक अर्थ नाही.

नळस्टॉप
वाचणारी मुलं वीस-बावीस वर्षांची. त्यांना 'होस्ट फॅमिली' लगेच कळेल. सदाशिव पेठेत दारावर 'कॉट बेसिस' लिहिलेलं असतं, त्याला कुणी मराठी शब्द मागितलाय का?

कसब्यातला
मागायला हवा होता. 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांनी सुचवलेले शब्द, आज कुणाला परके वाटतात? वापरायचाच नाही आणि वर म्हणायचं की रुळत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. 'अतिथेय' हा शब्द आहे.

कोशवेडी
'आतिथेय'. आणि तो घरात कुणी बोलत नाही.

धायरीकर
'मेजवान' का नको? फारसीत मेज़बान म्हणजे पाहुण्याचं आगतस्वागत करणारा. आपण त्याची 'मेजवानी' ठेवून घेतली आणि माणूस सोडून दिला. मला शाळेत सांगितलं होतं की टेबलावरचं जेवण ते मेजवानी. पंगतीला बसून झालेली मेजवानी मग कशी काय?

कसब्यातला
म्हणजे इंग्रजी काढून फारसी आणायची.

धायरीकर
आणायची कुठे, आलेलीच आहे. 'मेजवानी' चालते, तसा 'मेजवान'ही चालेल.

शनिवारातले आजोबा
वारजेकर ताई, मी 1956 साली कोकणातून पुण्यात शिकायला आलो आणि चार वर्षं वार लावून जेवलो. सात वार, सात घरं. सोमवारचं घर नारायण पेठेत, शुक्रवारचं शनिवार पेठेत. गुरुवारच्या घरी उपास, म्हणून मलाही भगर आणि दाण्याची आमटी.

ताट कुठे मांडतात त्यावरून घर कळायचं. दोन घरी ओसरीवर, वाढून आत निघून जायचे. मंगळवारी मात्र आत, त्यांच्या मुलांच्या ओळीत. भात संपायच्या आत दुसरी वाढ पडायची, मागावं लागायचं नाही. भाषेत 'वार लावून जेवणारा' आहे, जेवू घालणाऱ्यांना काही नाव नाही. आम्ही 'मंगळवारच्या काकू' म्हणायचो. अजून तेच म्हणतो.

वारजेकर
आजोबा, हे वाचून थांबलेच. पहिले दोन महिने माझंही ताट बाहेरच्या खोलीत यायचं. दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, दहाव्या दिवशी आमाने दही-तांदळाचा लाल टीका लावला, हातात जमरा दिला. आपल्या घटातलं धान असतं ना, तसेच जवाचे पिवळे कोंब. दुसऱ्या दिवशी जेवायला हाक आली ती आतून. चुलीपाशी पिर्का ठेवला होता, म्हणजे आपला पाट. नेपाळीत घरमालकाला 'घरबेटी' म्हणतात, मी आधी तो शब्द 'घरची मुलगी' असा घेतला होता. त्या दिवशी मला दुसरा अर्थ सुचलाच नाही.

नळस्टॉप
'स्वयंसेवक शिक्षक' लिहिणार असाल तर तेही बघा. मी तसं सांगितलं की पुण्यात लोक शाखा विचारतात.

कसब्यातला
आजोबांचं वार लावणं म्हणजे माधुकरीच. 'माधुकरी घर' म्हणता येईल.

शनिवारातले आजोबा
नाही हो. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन दारोदार जायचं, सगळ्यांचं अन्न एकत्र होतं, कुणाच्या घरी बसायचं नाही. वार म्हणजे त्या घरी पानावर बसणं. ज्याने दोन्ही केलंय त्याला हा फरक फार मोठा असतो.

कोशवेडी
बरोबर. मधुकर म्हणजे भुंगा, फुलाफुलावरून थोडं थोडं घेणारा. पुण्यात 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, त्याचंच पुढे पुणे विद्यार्थी गृह झालं. 'अनाथ' गळला ते मला योग्यच वाटतं. ज्याला घास दिला त्याच्या नावात त्याचं उणेपण कशाला ठेवायचं? ताई, तुमच्या शब्दालाही हीच कसोटी लावा.

वारजेकर
तेच करतेय. पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. तूर्त 'यजमान कुटुंब' ठेवलंय आणि खाली लिहिलंय, 'तिथे पोचल्यावर त्यांना काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा.' अजून समाधान नाही.

सांगलीवाली
आजोबा, तुमची ती ओसरी उघडी होती का भिंतीची? आमच्याकडे पुढच्या बाजूला सोपा म्हणतात, आणि पाहुण्याचं ताट सोप्यात मांडणं हा मानच असायचा.

शनिवारातले आजोबा
उघडी, चौकाकडे तोंड असलेली. पण आमच्या कोकणात तिला पडवी म्हणाल तर चुकाल, पडवी वेगळी.