चार देशांत एकाच दिवशी घोषणा: स्थानिक पीआर एजन्सींना किती मोकळीक द्यावी?

प्रश्न
प्रत्येक देशात वेगळी एजन्सी नेमली आहे. मजकूर, वेळ, अहवाल, सगळ्यांतच प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. मुख्यालयाने काय हातात ठेवावं?

उत्तर 1
आकडे, पदनामं, प्रवक्त्याचं विधान आणि कंपनीची ओळख सांगणारा शेवटचा परिच्छेद, एवढ्याला कुणी हात लावायचा नाही. मथळा, पहिला परिच्छेद आणि उदाहरणं एजन्सीची, कारण तिथे बातमी कशाने होते हे तिलाच कळतं. तयार प्रेसनोट भाषांतराला धाडू नका. एक पानाचं ब्रीफ द्या: तीन मुद्दे, प्रत्येकाखाली पुरावा, शेवटी ‘हे बोलायचं नाही’ ही यादी.

घोडं अडतं ते मंजुरीत. दोनच फेऱ्या ठेवा, एक तथ्यांची, एक कायदेशीर. स्थानिक भाषेतला मसुदा मुख्यालयात कोण वाचणार, त्याचं नाव आधी ठरवा. मशीनने केलेलं भाषांतर वाचून मंजुरी देऊ नका. ‘करणार आहोत’ आणि ‘करण्याचा विचार आहे’ यांतला फरक तिथेच पुसला जातो आणि नंतर खुलासे करावे लागतात.

उत्तर 2
एम्बार्गोची, म्हणजे ज्याआधी बातमी छापायची नाही ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, शेजारी स्थानिक वेळ. मार्चमध्ये जपा: अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर 5 ऐवजी 4 तासांचं असतं. जुना तक्ता वापरला तर बातमी एका ठिकाणी तासभर आधी फुटते, आणि ऑनलाइन आली की ती सगळीकडेच आली.

शिवाय, मेलवर ‘एम्बार्गो’ लिहिलं म्हणून पत्रकार बांधील होत नाही. आधी लेखी होकार, मग मजकूर.

प्रश्नकर्ता
अहवालाचं काय? एक एजन्सी कात्रणांची किंमत जाहिरातीच्या दराने लावते.

उत्तर 3
ती पद्धत बंदच करा. पीआरच्या कामाचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या 2010च्या बार्सिलोना तत्त्वांनीच ती मोडीत काढली आहे. जाहिरातीचे दर देशागणिक बदलतात, त्यामुळे बेरीज निरर्थक ठरते. सगळ्यांना एकच शीट द्या: माध्यम, तारीख, ब्रीफमधला कुठला मुद्दा आला, प्रवक्त्याचं विधान आलं का, चूक छापली गेली का. ‘चूक’ या रकान्यापुढे दुरुस्ती मागितल्याची तारीखही हवी.

करारात आणखी एक कलम घाला, नोंदींचं. पत्रकारांची यादी एजन्सी देणार नाही, युरोपात तर जीडीपीआर या वैयक्तिक माहिती जपण्याच्या कायद्यामुळे ती मागणंही जिकिरीचं. पण कुणाशी काय बोलणं झालं, याची नोंद दर महिन्याला तुमच्याकडे यायलाच हवी. एजन्सी बदलली की हाती तेवढंच उरतं.